काटा उठेपर्यंत

मला थांबणं जमत नाही. चहा उकळेपर्यंत मी चुलीपाशी उभी राहत नाही, एसटीला पाच मिनिटं उशीर झाला तर पायी निघते, आणि लग्नात पाहुण्यांची भाषणं लांबली की सरळ पंगतीत जाऊन बसते. अशा बाईच्या नशिबी नेमकी जुनी डिझेल गाडी आली, आणि तीही सकाळी थोडं थांबल्याशिवाय धड चालत नाही. संघदीप, माझा नवरा, हसून म्हणायचा, की तुझी आणि या गाडीची जोडी जुळली तर मी गावजेवण घालीन. गावजेवण राहिलं. तीन वर्षांपूर्वी काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला.

गाडी त्याचीच. नेरमधून भाड्यानं चालवायचा. तो गेल्यावर ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. जो येई तो एकच सांगे, नलू, विकून टाक. मी कोणालाच उत्तर देत नसे, कारण मला गाडी चालवता येत नव्हती आणि विकवतही नव्हती.

मग एक दिवस सकाळी फुलसिंग काका सायकलवरून आले. गावापासून तीन किलोमीटरवर, यवतमाळच्या रस्त्याला त्यांचा तांडा आहे. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. गाडीचं काही बिघडलं की संघदीप आधी त्यांना विचारायचा, मग मिस्त्रीला. सायकल भिंतीला टेकवून ते म्हणाले, "जय भीम बेटा. चावी आण."

"जय सेवालाल काका. पण गाडी विकायची नाई मले."

"विकत घ्याले कोन आलं? शिकवाले आलो."

चार महिने ते रोज सकाळी आले. मी दोनदा नालीत चाक घातलं, एकदा ग्रामपंचायतीचं कुंपण पाडलं, आणि प्रत्येक वेळी दोष गाडीला दिला. काकांनी आवाज चढवला तो फक्त एका गोष्टीवरून. थंड गाडी सुरू करून मी लगेच ॲक्सिलेटर दाबला, की ते माझ्या हातावर चापट मारत.

"आंदी ते पिवळं लाइट विझू दे, मंग सेल्फ मार. चालू झाली का रेस देऊ नको. रातभर ऑइल खाली बसून राह्यते, त्याले वर चढाले टाइम लागते का नाई? तुम्ही विहारात म्हनता ते त्रिशरण म्हन मनातल्या मनात. तीनदा सरणं झालं का गिअर टाक."

तांड्यावरच्या माणसाला त्रिशरण किती वेळ चालतं हे कसं ठाऊक, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पहाटची गाडी सात वर्षं विहारासमोरून सुटे माही. तुमच्या भोंग्यावर तेवढं झालं का मी गाडी काढो."

पुढचा धडा असा, की गाडी उभ्या उभ्या तापवत बसायची नाही, त्यात नुसतं डिझेल जातं. हळूच निघायचं, पहिले दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवायचा, आणि डॅशबोर्डवरचा काटा उठला, म्हणजे खालच्या रेघेवरून वर सरकला, की मग काय पळवायची ती पळवायची. मला हे सगळं पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि धीर असणं वेगळं.

आज पाच मास्तरणी माझ्या गाडीतून खेड्यांवरच्या शाळेत अप-डाउन करतात. माझं घर आणि पोरांचं शिक्षण त्यावर चालतं. काकांनी या शिकवण्याचं चहाशिवाय काही घेतलं नाही. आणि मीही, खरं सांगायचं तर, चहाशिवाय कधी काही दिलं नाही. तोंडानं दोन शब्दही नाही. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार कोण मानतं, असं मी स्वतःला समजावत असे.

गेल्या मे महिन्यात गाडीनं मला तोंडघशी पाडलं. दुपारी, सेहेचाळीस डिग्रीत, पाचही मास्तरणी आत, आणि बॉनेटमधून वाफ. रस्त्यावर एक झाड नाही. आमच्याकडे 'गाडी गरम झाली' हे वाक्य म्हणजे अशुभ वार्ताच असते. ऐकलं की लोक आधी पाण्याची कॅन शोधतात. मी तणतणत मिस्त्रीकडे गेले आणि म्हटलं, "भाऊ, काय करायचं ते कर, पण माही गाडी पुन्हा गरम झाली नाई पाह्यजे." त्यानं थर्मोस्टॅटचा वॉल काढून माझ्या हातावर ठेवला. बारकी, पितळी झडप. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवायचं आणि तापलं की सोडायचं, एवढंच तिचं काम. "आपल्याकडं हे कायले पाह्यजे? बाकीच्या गाड्यायचे बी काढलेच आहेत," तो म्हणाला. गाडी खरंच पुन्हा तापली नाही. मी खूश झाले आणि काकांना ही गोष्ट सांगितली नाही. ते बोलतील हे माहीत होतं.

तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस उभा आहे एवढं कळे, कोण आहे ते आवाजावरून. सायकल सुटली.

त्यांची धाकटी मुलगी अंजू पोलीस भरतीची तयारी करत होती. काळीसावळी, काटक पोरगी. पहाटे पऱ्हाटीच्या धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, पळताना मी तिला कितीदा पाहिलेलं. पहिल्या भरतीत दोन गुणांनी राहिली. मागच्या हिवाळ्यात दुसरी. तेव्हा चुलतभाऊ प्रेमच्या मोटरसायकलवर मागं बसून तीस किलोमीटर थंडीत गेली, मैदानावर पोचली आणि वीस मिनिटांत तिला धावायला उभं केलं. आठशे मीटरमधले तीनशे झाले आणि पोटरीत गाठ आली. बाकीचं अंतर लंगडत गेली. गावात सगळे हळहळले. मीही हळहळले आणि दुसऱ्या दिवशी विसरले.

या जानेवारीत तिसरी भरती लागली. बाजाराच्या दिवशी काकांची बायको रुपीबाई मला मेथीच्या ढिगापाशी गाठून म्हणाली, "बाई, छोरीले यवतमाळले नेऊन देशीन का? साडेसहाले पोचाचं आहे. या वर्षी नाई झालं तं म्हनते, मी सोडून देईन सगळं."

"नेईन ना. पण काका काहून नाई आले विचाराले?"

"त्यायले नाई बोलता येत," एवढंच म्हणून ती जुडी निवडू लागली. डोळे गेल्यापासून म्हातारा हट्टी झाला, असं मी मनात धरलं.

त्या पहाटे मी पाचलाच उठले. थंडी अशी की नळाचं पाणी हाताला चावत होतं. गाडीत बसले, आणि घाई अंगात भिनलेली होतीच, पिवळा लाइट विझायच्या आत सेल्फ मारला. गाडी खोकली आणि गप्प झाली. पुन्हा मारला. तिसऱ्या खेपेला पांढरा धूर सोडत सुरू झाली. त्रिशरण वगैरे काही म्हटलं नाही. पहिल्या गिअरपासूनच घरघरवत तीन किलोमीटर पळवत तांड्यावर आणली आणि हॉर्न दिला.

अंजू बाहेर उभीच होती, अंगात स्वेटर आणि खाली धावायची अर्धी चड्डी. काका तिच्या खांद्यावर हात ठेवून आले. मला वाटलं बसतील आणि निघू. पण ते गाडीच्या पुढं जाऊन कान देऊन उभे राहिले.

"बंद करू नको. काटा उठला का?"

मी काट्याकडे पाहिलं. तो तळाशी पडून होता. पण तिथून यवतमाळ तास-पाऊण तास, आणि साडेसहाला गेट लागणार.

"उठला," मी म्हणाले.

"बॉनेट उघड."

"काका, टाइम होऊन राह्यला!"

"उघड म्हनतो ना."

मी धाडकन बॉनेट उघडलं. त्यांनी आत हात घातला आणि रेडिएटरला जाणारा वरचा रबरी पाइप चाचपला, एकदा, मग खालचा.

"बेटा, डोये गेले माहे, हात नाई गेले. वॉल असता तं हा पाइप आता थंडगार पाह्यजे, नाईतं चटका लागाले पाह्यजे. हा नुसता कोमट आहे. वॉल काढला?"

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "मीच काढाले लावला. मे महिन्यात."

मला वाटलं आता व्याख्यान होणार. ते फक्त "हं" म्हणाले आणि घराकडे वळून ओरडले, "अवं, तेलाच्या पुड्यायचा खोका आहे का घरात? आन."

रुपीबाईनं खोका आणला. काकांनी तो फाडून पुठ्ठा सरळ केला, रेडिएटरच्या तोंडाशी सरकवला, वरून तीन हिस्से झाकले, खालचा हिस्सा मोकळा ठेवला आणि सुतळीनं बांधला. बोटं न बघता गाठ मारत होती. मी घड्याळ बघत होते. आठ मिनिटं गेली. माझ्या मनात आलं ते इथं लिहिते: पोरीचं आयुष्य पणाला लागलंय आणि हा माणूस एका जुन्या इंजिनाचे लाड करतोय. मी ते बोलूनही दाखवलं, थोड्या सभ्य शब्दांत.

"आता हवा कमी लागीन तिले, मंग तापन," ते म्हणाले. "छोरी, तू पुढं बस. मी मांगं बसतो."

हेही नवीनच. काका माझ्या गाडीत कधी मागं बसले नव्हते. मला वाटलं माझ्यावर रुसले.

निघालो. काका मागून सांगत होते, पाय हलका, अजून हलका, तिसरा गिअर टाक, ओढू नको. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूला तुरी, आणि मी चाळीसच्या वेगानं जाते. एक दुधवाला मोटरसायकलवरून आम्हाला मागं टाकून गेला, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.  अंजूनं दोन्ही हातांनी उजवी पोटरी धरली होती, नकळत दाबत होती. मागच्या वर्षी गाठ आलेली, तीच.

सात-आठ किलोमीटर झाले आणि काटा हलला. मे महिन्यानंतर पहिल्यांदा मी त्याला त्या रेघेच्या वर पाहिलं.

"काका, उठला! शप्पथ, खरंच उठला."

"आयकू आलं मले," ते म्हणाले. इंजिनाचा आवाज खरंच बदलला होता. खडखड मावळली होती. "आता ते पंख्याचं गोल बटन आहे ना, एसीच्या बाजूचं, ते लाल बाजूले फिरव. अन् वारा खाली पायावर सोड."

मी त्या बटणाकडे बघतच राहिले. एक बाजू निळी, एक बाजू लाल. तीन वर्षांत माझा हात लाल बाजूला गेलाच नव्हता. संघदीपचाही कधी गेलेला मी पाहिला नाही. यवतमाळ जिल्ह्यात गाडीत गरम हवा कोण मागतं? बटण अडकलं होतं, जोर लावून फिरवलं. आधी जळक्या धुळीचा वास आला, मग थंड हवा, मग कोमट, आणि मग खरोखर गरम हवा अंजूच्या पायांवर यायला लागली.

"मोजे काढ छोरी. पाय लांब कर. पोटरी तिकडं धर," काका म्हणाले. "मागच्या खेपेस मोटरसायकलीवर पाय गारठले तुहे, म्हनून तर घात झाला. यवतमाळ येवोस्तोर शेकून घे. गेल्यावर हळू हळू पळ, मंग जोरात."

अंजूनं डोळे मिटले. "बापू, लय बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली.

मी पुढं रस्त्याकडे बघत राहिले, दुसरीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. हा माणूस इंजिनाचे लाड करत नव्हता. इंजिन तापलं तरच ती हवा गरम होणार, आणि हवा गरम झाली तरच लेकीची पोटरी सैल पडणार, एवढा साधा हिशोब त्यानं रात्रीच कधीतरी मांडून ठेवलेला असणार. म्हणून तिला पुढं बसवलं. आणि मी बाई, ती एक झडप काढून, वर खोटं बोलून, तो सगळा हिशोब मोडायला निघाले होते. मला माझी फार लाज वाटली, आणि त्यांनी एका शब्दानंही ती वाढवली नाही, याचं त्याहून जास्त वाटलं.

सहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. अंजू मोजे-बूट चढवून, कॉल लेटर छातीशी धरून गेटमधून आत गेली. जाताना तिनं पोटरीला हात लावला नाही.

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मैदानाच्या कंपाउंडबाहेर शंभरेक माणसं उभी होती. कोणी भिंतीवर, कोणी टेम्पोच्या टपावर. मला एका जाळीच्या दारापाशी जागा मिळाली. मी काकांना शेजारी उभं केलं. उजाडलं होतं. दुसरीच तुकडी तिची. वीस-बावीस पोरी रेघेवर उभ्या राहिल्या, छातीवर नंबर.

"दिसते का?"

"दिसते. काठावरून तिसरी."

शिटी वाजली. दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत ती मधल्या घोळक्यात होती आणि मी काकांना सगळं सांगत होते, आता वळणावर आहे, आता एकीला मागं टाकलं. तीनशे मीटरची खूण जवळ आली तेही मी सांगितलं. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. ती खूण ओलांडून गेली. दुसऱ्या फेरीत तिनं पाय लांब टाकायला सुरुवात केली आणि मग मी काय सांगत होते मलाच कळत नव्हतं, मी नुसती ओरडत होते. शेजारच्या एका अनोळखी माणसालाही मी दोन गुद्दे मारले म्हणे.

"पोचली! काका, तिसरी आली, तिसरी!"

कितवी आली याचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं, "लंगडते का?"

मी जाळीला डोळा लावून नीट बघितलं. अंजू कमरेवर हात ठेवून वर्तुळात फिरत होती, सरळ, दोन्ही पायांवर सारखी.

"नाई काका. सरळ चालून राह्यली."

ते भिंतीला टेकून खाली बसले. डोक्याचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ तो तोंडावरच धरून ठेवला. मग म्हणाले, "बेटा, तुह्ये लय उपकार झाले."

आणि इथं माझं डोकं फिरलं. "उपकार कायचे? मागच्या वर्षी काहून नाई बोलले तुम्ही? तवाबी गाडी होतीच ना दारात! पोरगी मोटरसायकलीवर थंडीत गेली, लंगडत आली, एक वर्ष गेलं तिचं. एक शब्द मांगतला असता तं मी नाई म्हटलं असतं का?"

"नाई म्हटलं नसतं," काका म्हणाले. "म्हनूनच तं मांगतला नाई. शिकवलं अन् आता वसूल कराले आला, असं वाटलं असतं. तुले नाई तं मले वाटलं असतं."

 तीन वर्षं हा माणूस माझ्याकडे काही मागू शकला नाही, कारण मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं की त्यानं माझ्यासाठी काय केलं. मी त्याचं किती मोठं देणं लागते हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि माझा दोन वाक्यांचा आळस त्या पोरीच्या पोटरीला भोवला. मी त्यांच्यासमोर मातीत बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, आयका. संघदीप गेला तवा मी अंगणात गाडीकडं पाहो अन् वाटे, आता आपलं बी असंच, ताडपत्री टाकून ठेवन कोनी. तुम्ही आले म्हनून मी उठली. पोरं शिकून राह्यली, घर चालून राह्यलं, चार लोकं नलूताई म्हनतात, हे सगळं तुमचं आहे. मी म्हटलं नाई कधी. मले म्हनता नाई आलं. आज म्हनते."

 त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही, आणि आजूबाजूची माणसं, बहुतेक कोणाची तरी पोरगी पडली असं समजून, बाजूला सरकली.

तेवढ्यात अंजू गेटमधून धापा टाकत बाहेर आली. आम्हा दोघांना मातीत बसून रडताना पाहून ती जागीच थांबली.

"काय झालं? बापू? ताई?" ती घाबरून म्हणाली. "अवं, मी तिसरी आली ना! तुमाले कोनी काय सांगतलं?"